लाल दोऱ्याचं फडकं

माझ्या दादाला घरात सगळे मुनी म्हणतात. सायकली दुरुस्त करतो आणि बोलायचं काम गिऱ्हाइकावर सोडतो. पूर्वी त्याच्या वाट्याचं बोलायला वहिनी होती. ती गेली, आणि दुकानात पान्यांचाच काय तो आवाज उरला. शेजारच्या गाळ्यात माझं शिवणकाम चालतं, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर.

दादा रडला नाही. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! कसला धीर? मी एकदा मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही, तरी ताट चाटूनपुसून साफ. माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा. भिंतीशी तरी किती बोलायचं माणसानं?

त्याची लेक टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर कामाला आहे. जाड टायरच्या, डोंगरात चालवायच्या सायकलवरून जाते-येते. उतार तीव्र, आणि संपतो तो थेट ट्रकच्या रस्त्यावर. एक दिवस ती पांढरीफटक होऊन खाली आली.

"बाबा, अर्ध्या उतारावर ब्रेक तापतात. दाबला की पार दांडीला टेकतो. मोठ्या डिस्क बसवून द्या ना."

"ठेव," दादा म्हणाला.

काम त्याने नेहमीसारखं चोख केलं. चाकांच्या जुन्या डिस्क, म्हणजे ब्रेकचे पॅड ज्यांना चिमटतात त्या तबकड्या, काढून मोठ्या लावल्या, ब्रेकचा चिमटा तेवढाच वर सरकावा म्हणून मध्ये तुकडा घातला, नवे पॅड बसवले. चाक फिरवून कान लावला. कुठे घासत नव्हतं. शेवटी फडक्याने दोन्ही तबकड्या पुसल्या आणि सायकल लेकीच्या हाती दिली. नवे पॅड आधी दाबून-सोडून रुळवावे लागतात, म्हणून ती आमच्या गल्लीच्या उतारावर गेली.

ब्रेक नुसता किंचाळला, लागला नाही. पोरगी माझ्या दारातल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर येऊन आदळली. कोपर सोललं, बाकी काही नाही. पण ही टेकडीवर असती तर थेट ट्रकखालीच.

दादाने तबकडीवर बोट फिरवून वास घेतला. तेल. मग त्याने फडकं उचललं आणि बघतच राहिला.

दुकानात दोन फडकी असायची. साखळीचं काळं आणि ब्रेकचं पांढरं, कडेला लाल दोरा घातलेलं. तबकडीला जरा तेल लागलं तरी ब्रेक पकडत नाही, म्हणून वहिनी पांढरं फडकं वेगळ्या बादलीत धुवायची, वेगळं वाळत घालायची. त्या फडक्याचे नवऱ्यापेक्षा जास्त लाड होतात म्हणून आम्ही तिला चिडवायचो. ती गेल्यापासून दादा दोन्ही एकाच बादलीत बुडवत होता. लाल दोरा जागेवर होता, फडकं मात्र करडं झालं होतं.

"ती वेगळं धुवायची," तो म्हणाला.

"हो रे."

तो लेकीकडे वळला. "दुखतंय का?"

कित्येक महिन्यांत त्याने कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. पोरीने कोपर त्याच्यापुढे धरलं.

तेलकट पॅड फेकून त्याने दुसरे लावले, तबकड्या स्पिरिटने धुतल्या. दुसऱ्या दिवशी ती टेकडीवरून उतरली तेव्हा हा खाली ट्रकच्या रस्त्यावर उभा. ती बरोबर त्याच्यापुढे थांबली. मला वाटलं, चला, सुटलो.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि मशीनवर एक कापड ठेवलं. "याला लाल दोरा घाल."

मी ओळखलं. वहिनीच्या उशीचा अभ्रा. ती गेल्यापासून त्याने तो कुणाला धुवायला दिला नव्हता.

"अरे, हा कशाला? माझ्याकडे चिंध्या थोड्या आहेत का?"

"धुतलाय मी," दादा म्हणाला. "वेगळ्या बादलीत."

आणि उभ्या उभ्या रडायला लागला. मी अभ्रा मशीनखाली घेतला. दोरा घालून झाला, तरी मी मशीन चालूच ठेवलं.