माफी देऊन झाल्यावर

मावशीच्या कपाळावरच्या पट्टीतून रक्त झिरपत होतं आणि भुवईवरून ओघळून पापणीत साचत होतं. ती पदराने टिपायची आणि पुन्हा पोलीस चौकीतल्या टेबलाकडे बघायची. सकाळी घरात येशूची प्रार्थना चालू असताना गल्लीतल्या दिनकरने खिडकीतून मारलेला दगड तिला लागला होता. तो दिनकर समोरच्याच बाकावर पाय हलवत बसला होता.

"मिटवून टाका ना बाई," हवालदार म्हणाले. "तुमच्या धर्मात क्षमा असते ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याचं डोकं फुटतं त्यालाच बरी क्षमेची आठवण करून देतात! रक्त वाळायच्या आत हवी असते यांना ती. दगड मारणाऱ्याला मात्र त्याचा धर्म काय सांगतो, हे कोणी विचारत नाही. आमच्या प्रेमाचं यांनी पायपुसणं केलंय, आणि आम्हीही ते रोज झटकून दारात अंथरतो.

मावशी उठली. तिने दिनकरच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने तो झटकून शिवी हासडली.

"मी तुला माफ केलंय, बाळा. देवापुढे केलंय," ती म्हणाली आणि हवालदारांकडे वळली. "साहेब, माफी देऊन झाली. आता तक्रार लिहून घ्या. दगड यानेच मारला."

दिनकर उसळला. "मग माफ काय केलंस, म्हातारे?"

"तुझ्या घरावर दगड येणार नाही, हे." तिने माझ्याकडे बोट केलं. "तोच दगड मघाशी याच्या हातातून काढून घेतला मी."