मटणाच्या दुकानात मगदूम मॅडम

डॉ. शैलजा मगदूम मॅडम यांची आणि माझी पहिली भेट प्रयोगशाळेत नव्हे, कोल्हापुरातल्या एका मटणाच्या दुकानात झाली. संशोधनासाठी नाव नोंदवल्यावर त्यांनी मला सकाळी तिथेच बोलावले होते. कडक शाकाहारी घरातल्या मॅडम स्टीलचा डबा घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांना हवी होती बकऱ्याची श्वासनलिका, आतल्या चिकट थरासकट.

"मटान सोडून शेंबूड नेणारं गिऱ्हाईक तुमीच, मॅडम!" दुकानदार म्हणाले.

"मटणाला गिऱ्हाईक लई हाईत. ह्याला वाली मीच की!"

नमुना शिळा झाला की त्या चिकट थराची जाळीसारखी वीण बदलते, म्हणून त्यावर आलेला निकाल मॅडम कधीच स्वीकारत नाहीत. माझा पहिला देखणा निकाल त्यांनी असाच बाजूला ठेवला. "पेशंटच्या छातीत ताजाच थर असतो," एवढेच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डबा घेऊन स्वतः रांगेत उभ्या राहिल्या.

आमचे घर इचलकरंजीचे. वडील यंत्रमागावर कामाला; घरात पदवी घेतलेली मी पहिली. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी माझा विषय विचारला. वडिलांनी "शेंबूड" असे सांगताच सगळे हसले. पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, "बास झालं शिक्षण. शेंबडासाठी कोल्हापूरला जायचं न्हाय."

मी रडतच मॅडमना फोन केला. रविवारी त्या एसटीने आमच्या दारात हजर झाल्या. आधी वडिलांबरोबर मागाच्या शेडमध्ये फिरून आल्या, मग बोलल्या.

"दादा, हा थर म्हणजे बारीक धाग्यांचं जाळं. विषाणू इतका लहान, की भोकातून निसटतो. शरीरातली रोगाशी लढणारी प्रतिपिंडं त्याला धरतात आणि जाळ्यालाही हात लावतात. एकाची पकड सुटेल, पण पुष्कळ मिळून त्याला अडकवून ठेवतात. अडचण अशी, की आपण औषध भरून पाठवलेला सूक्ष्म कणही तिथंच चिकटतो. म्हणून त्याला गुळगुळीत लेप द्यायचा. सूत मागावर घासून तुटू नये म्हणून तुम्ही खळ देता ना, तसा. तुमची लेक तेच करते."

 वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "पावण्यास्नी हे सांगाय काय झालंतं?"

"मला कुणी विचारलंच न्हाई!"

"मग पाठवताय ना हिला?" मॅडमनी विचारले.

"पाठीवतो की. पर जेवल्याबिगर सोडणार न्हाय. तुमच्यासाठी मटान केलंय."

मॅडम शाकाहारी आहेत हे मी सांगताच आईने कपाळावर हात मारला. मॅडमनी हसत हसत दही, भाकरी आणि खर्डा मागून घेतला.

आता माझ्या विषयाबद्दल कुणी विचारले, तर मी तोंड उघडायच्या आत वडीलच सांगतात, "पोरगी औषधाला वाट करून देती." माझी वाट मॅडमनी करून दिली, हे ते सांगत नाहीत, म्हणून इथे मी लिहिते.

मॅडमनी साठी पूर्ण केली. यापुढेही कितीतरी वर्षे सकाळच्या रांगेत त्यांचा डबा दिसत राहो. त्यांच्या श्वासाच्या वाटेवरचा तो ओलसर पहारा सदैव ताजा राहो. रोगाला तो दारातच अडवो, आणि कधी लागलेच, तर औषधाला तेवढे आत सोडो.