हेल्याची पोरगी

रामाकोन्यात गुणवंताला गुणवंता म्हणून कोणी हाक मारत नाही. तो हेला. हेला म्हणजे म्हशीचं नर पिल्लू; मादी असली तर ती वगार. ते पुढं दूध देणार नाही, म्हणून त्याला आईचं दूधही कोणी पोटभर पिऊ देत नाही. गुणवंता जन्मला त्याच सकाळी त्याच्या बापाची, पुंडलिकरावाची, म्हैसही जनली. घरात आधीच दोन पोरगे. पुंडलिकराव गोठ्यातून चिडूनच आला आन बोलला, "तिकडंबी हेला, इकडंबी हेला!" गोठ्यातला उपाशी मेला. घरातला ते नाव घेऊन जगला.

औंदा गुणवंताच्या पोरीला, पूनमला, पाहायला मोहगावचे पाहुणे येणार होते. तो घरोघरी हात जोडत फिरला. "आजच्या दिवस नावानं बोलवा बाप्पा. माह्या पोरीले हे नाव नोका चिपकू देऊ."

गावानं पाळलं. पाहुण्यांनी चहा घेतला, पोरगी पसंत केली. तेवढ्यात आतल्या खाटेवरून बुढा पुंडलिकराव ओरडला, "हेल्या, कुठी मेला बे? पानी आन!"

गुणवंता पाण्याचा तांब्या घेऊन आत धावला आन पाहुणे एकमेकांकडं पाहून राहिले. मग नवरदेवाची माय खो-खो हसली. "हेल्याची पोरगी म्हंजे वगार झाली नं! वगार तं कामाची असते. सोयरीक पक्की."

लग्न झालं. दिवाळीला गुणवंता पोरीला आणायला मोहगावला गेला. अंगणातच त्याला पूनमच्या सासूची हाक ऐकू आली, "वगार, ओ वगार! तुहा बाप आला."

आन पूनम "आली, आली" म्हणत पदर सावरत बाहेर आली.