बिनगाडीचा रस्ता आणि आमच्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंना बसलेलं ज्यानं कुणी पाहिलं असेल त्यानं खुशाल माझ्याकडे यावं, मी त्याला पुरणपोळी जेवू घालते. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेच्या आई. साखरपुड्याला मी वरमाई म्हणून नऊवारी सावरत गादीवर बसले, म्हटलं आता या येतील, शेजारी टेकतील, चार गोड शब्द बोलतील. त्यांनी ओटीचं ताट माझ्या हातात दिलं आणि मी मान वर करेपर्यंत बाई स्वयंपाकघरात, तिथून गच्चीवर, तिथून खाली मांडववाल्याशी भांडायला! माझ्या घरी येतात तेव्हाही चहा उभ्यानं, एक हात दाराच्या कडीवर. "अहो, बसा की घटकाभर," म्हटलं तर म्हणतात, "बसलं की उठावं लागतं, विहीणबाई." जन्मभर एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली त्यांनी. म्हणतात, देवानं माणसाला बसण्याचा कोटा दिलेला असतो, माझा त्या खुर्चीवर संपला. टीव्हीसुद्धा बाई चालत बघतात. मालिकेत कुणी मेलं तर त्या दाराजवळ असतात, आणि रडारड सुरू होईपर्यंत खिडकीपाशी.

बरं, राहायला कुठे, तर काल्हेरला. नवी इमारत, छान गॅलरी, आणि गॅलरीच्या खाली गोदामंच गोदामं. कंटेनर मागे घेताना जो पीं पीं आवाज होतो ना, तो त्यांच्या घरात घड्याळाच्या टिकटिकीसारखा चोवीस तास. कपाटातल्या बशा आपोआप वाजतात. अशा ठिकाणी या बाईंनी निवृत्त झाल्यावर काय घ्यावं? सोन्याची बांगडी? छे, सायकल! माझा मुलगा, म्हणजे त्यांचा जावई, पोट धरून हसला. "आई, या रस्त्यावर सायकल काढाल तर आम्हाला तुम्ही पापड होऊन परत मिळाल." त्या शांतपणे म्हणाल्या, "या रस्त्यावर चालवणार कोण? मला बिनगाडीचा रस्ता हवाय." त्यांचं माहेर अंजूरचं. लहानपणी खाडीच्या बाजूनं, दोन्हीकडे भातशेती, मध्ये लाल मातीची वाट, आणि त्या वाटेवर वडिलांची सायकल अर्ध्या पायडलानं चालवायची. ती वाट आता एका गोदामाच्या कंपाउंडमध्ये गेली. तेव्हापासून बाईंच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच, असं माझं आपलं मत.

युक्तीही त्यांनीच काढली. वाडा गावाच्या पलीकडून एक टेम्पो पहाटे काल्हेरच्या बाजारात भाजी घेऊन येतो आणि रिकामा परत जातो. शनिवार आला की बाई सायकल त्यात चढवतात, आणि स्वतः पालथ्या क्रेटांच्या मधे दांडा धरून उभ्या! टेम्पोवाला ओरडतो, "आजी, माल हलतोय, नीट बांधा!" या आतून ओरडतात, "माल जिवंत आहे, तू पुढे बघ!" मग जव्हारकडच्या डोंगरात कुठल्याशा फाट्यावर उतरायचं आणि रस्ते तपासायचे. रस्ता तपासायची त्यांची परीक्षा ऐका. भर रस्त्यात सायकल स्टँडवर लावायची, बाजूला उभं राहून एक मोसंबं सोलायचं आणि सावकाश खायचं. शेवटची फोड तोंडात जाईपर्यंत सायकल हलवावी लागली नाही तर रस्ता पास. एक फार सुंदर रस्ता त्यांनी शेवटच्या दोन फोडींना नापास केला, एक मोटारसायकल आली म्हणून. दुसरा, गुराख्याच्या मोबाइलवर गाणी वाजत होती म्हणून. "अहो, गुराख्यानं काय तोंड शिवून घ्यावं का?" मी म्हटलं. तर म्हणाल्या, "नवऱ्यामुलाची पारख तुम्ही एवढी केली असतीत तर बरं झालं असतं." म्हणजे माझे हे! घ्या.

शेवटी तीन वर्षांपूर्वी त्यांना त्यांचा रस्ता सापडला. डोंगराच्या कुशीतून वळत वळत एका आदिवासी पाड्यापर्यंत जाणारा, कुणी एके काळी खडी टाकून विसरून गेलेला. दुतर्फा साग, मध्ये ओढा, आणि गाडी? गाडीचं नाव नाही. मोसंब्याच्या दोन फेऱ्या झाल्या तरी कुणी आलं नाही! खड्डे मात्र असे की उतरताना सायकल एकीकडे आणि बाई दुसरीकडे. म्हणून चढताना त्या चालत जायच्या आणि डब्यात कालवलेला चुना ब्रशनं खड्ड्याच्या कडेला लावत जायच्या, म्हणजे उतरताना लांबून पांढरं दिसावं. आणि परत आल्या की पाड्यातल्या लोकांचं कौतुक संपत नसे. "काय माणसं आहेत, विहीणबाई! मी दिसले की पळत जाऊन खुर्ची आणतात. कोरा चहा, वर गुळाचा खडा. नात्याची ना गोत्याची मी, पण असा मान मला माझ्या व्याह्यांकडेही नाही." हाही टोमणा मलाच.

मग गेल्या वैशाखात त्यांनी हट्टानं मला नेलं. मी ड्रायव्हरशेजारी, त्या मागे उभ्या. फाट्यापासून मी धापा टाकत चालतेय, त्या सायकल ढकलत चुना लावतायत. रस्ता खरंच असा की माझी बडबडसुद्धा बंद झाली. पानाचा आवाज येत होता. पाड्यात पोचलो तर खरंच एक म्हातारी लगबगीनं लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, पदरानं पुसली. विहीणबाई अर्थातच बसल्या नाहीत. म्हातारी माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाली, "खुर्ची दिली तरी बसत न्हाय कंदी. लय मोठी सायबीन हाय." मला काही कळेना. मग ती त्यांना म्हणाली, "बाय, चुना मारून दोन पावसालं गेलं. आता तिसरा येल. डांबर कंदी टाकनार?"

मला एका क्षणात सगळं कळलं, आणि त्यांनाही. अहो, कोण वेडं माणूस शहरातून येऊन ओसाड रस्त्यावर पांढऱ्या खुणा करत फिरेल? मापं घेणारंच ना! त्या खुर्चीचा, त्या गुळाच्या खड्याचा मान रस्ता आणणाऱ्या सायबिणीचा होता.

खोटं विहीणबाईंना येत नाही. म्हणाल्या, "मावशी, मी ऑफिसातली नाही हो. सायकल पडू नये म्हणून खुणा करते."

"मंग येतेस कशाला एवरं लांब?"

"इथे शांत आहे. गाडी येत नाही म्हणून."

म्हातारी म्हणाली, "गाडी येत न्हाय म्हून तू येतेस. आन् गाडी येत न्हाय म्हून माज्या सुनंला गेल्या पावसात झोळी करून खाली नेली. पोर वाटंतच झाली. जगली, देवाची किरपा. आता दुसऱ्यांदा दिवस हायत तिला." आत सून भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. विहीणबाई खुर्चीपासून मागे सरकल्या, तशी म्हातारीच हसली. म्हणाली, "आगं, घे चाय. खुर्ची काय हापिसाची न्हाय, आमचीच हाय."

परतीच्या वाटेवर बाई सायकलवर बसल्याच नाहीत. पुढचा आठवडा त्यांच्या घरात त्यांच्या येरझारांचा आवाज कंटेनरच्या वर. एका दुपारी माझ्याकडे आल्या, चहा घेतलाच नाही. "विहीणबाई, डांबर आलं की जीप येणार. जीप आली की ढाबा येणार. मग कुणीतरी डोंगर विकत घेणार. माझ्या अंजूरचं झालं तेच. आणि हे मी माझ्या हातानं आणायचं?"

मी म्हटलं, "मग नका आणू. तुम्हाला कुणी सांगितलंय?"

माझ्याकडे असं बघितलं म्हणता! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सरकारी बांधकाम खात्याच्या ऑफिसात हजर. त्यानंतर किती खेपा झाल्या ते मोजलं नाही कुणी. साहेब साइटवर, साहेब मीटिंगला, साहेब बदलले. एकदा भरदुपारी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "विहीणबाई," म्हणाल्या, "मी बसलेय."

"काय झालं? कुठे पडलात?"

"पडले नाही हो. ऑफिसाच्या बाकावर बसलेय. उभं राहिलं की हे लोक म्हणतात, आजी, उद्या या. बसलं की त्यांना लाज वाटते." या बाई त्या बाकावर दिवसच्या दिवस बसल्या. शिपाई त्यांना स्वतःच्या डब्यातली भाजी द्यायला लागला. मधे तो पावसाळा गेला. सुनेला म्हातारीनं आधीच खाली बहिणीकडे ठेवलं होतं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आणि दिवाळीनंतर रोलर चढला डोंगरावर.

रस्ता झाल्यावर त्या एकदाच गेल्या. आल्या तेव्हा मी दारातच विचारलं, "कसा झालाय?"

"गुळगुळीत. उतरताना पायडल मारावं लागत नाही." मग म्हणाल्या, "वळणावर मागून जीप आली. हॉर्न मारला. मी उतरून गटारात उभी राहिले. म्हातारी होती आत, मांडीवर नात. खिडकीतून ओरडली, बाय, सायकल टाक वर, ये आत! मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. आवाज पार जाईपर्यंत उभी होते तिथे."

आता शनिवारी पुन्हा टेम्पोत उभ्या राहून जातात, आणखी आत, आणखी वर. नवा रस्ता काही मनासारखा मिळत नाही. गुडघा दुखतो, ते सांगत नाहीत, पण चढ सांगताना हात गुडघ्याकडे जातो. शनिवारी सकाळी देवापुढे दिवा लावताना माझ्या मनात येतंच, देवा, यांना एक बिनगाडीचा रस्ता मिळू दे. आणि लगेच त्या रस्त्याच्या टोकाला कुणाची तरी दिवस भरत आलेली सून दिसायला लागते. मग मी तशीच हात जोडून उभी राहते, आणि नेमकं मागायचं काय, ते काही मला ठरवता येत नाही.