चहासोबतची गोळी

आईचं हृदय थकलं, पाय सुजू लागले, तेव्हा डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. दिवसाला एक लिटर, चहा-वरण त्यातच धरून. मी राळेगावकडच्या शाळेत मास्तर, तेव्हा मोजमाप माझ्याकडेच आलं. बाटलीवर पेनानं रेघा मारल्या आणि पहारा सुरू केला. पोरं मला खडूस म्हणत, ते काही खोटं नव्हतं.

रक्तातलं लोहही कमी होतं, म्हणून गोळ्या होत्या. आई म्हणाली, "चाय त पेतोच ना. गोळी तिच्यासंगंच घेतो. पानी कायले खर्चू?" मला तिचं कौतुक वाटलं. बायकोलाही ऐकवलं, बघ, याला शिस्त म्हणतात.

आईला पुन्हा एकदा तरी वेचणीला जायचं होतं. जन्मभर तिनं कापूस वेचला होता. त्या वर्षी अळीनं बोंडं पोखरली होती, बायका अर्ध्या ओटीनंच परतायच्या. तरी आई सकाळी दारात बसून त्यांना आपल्यासाठी वेचायची ओळ राखायला सांगायची, "मायी पात ठेवजा वं." आणि अंगण ओलांडताना हिला धाप लागायची. हृदयाचंच दुखणं, असं आम्ही धरून चालायचो.

चार महिन्यांनी यवतमाळला रक्त तपासलं. लोह होतं तिथंच. आई बाहेर बाकावर बसली होती. गोळी कशासोबत देता, डॉक्टरांनी विचारलं. चहासोबत, मी ऐटीत सांगितलं. चहामुळे गोळी अंगाला लागत नाही, ते म्हणाले. आणि अशा हृदयाच्या माणसाला गोळ्यांचा तसाही फारसा उपयोग होत नाही, लोह सलाईनमधून द्यावं लागतं. त्यानं चार पावलं चालायचं बळ येतं. औषध मागवतो, सोमवारी या.

एसटीत मी स्वतःवर इतका चिडलो होतो की धड बोलवेना. चहासोबत गोळी घ्यायची नाही आणि सोमवारी परत यायचं, एवढंच तिला सांगितलं. गोळ्यांचाच फारसा उपयोग नाही, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं चहाचा कप परत केला. "पानी पुरलं पाह्यजे गोळीले," म्हणाली. मी रेघ पाहून पाणी ओतलं.

शनिवारी सकाळी, वेचणीच्या बायका दारावरून जात असताना, आई गेली. चहावर तिचा फार जीव होता. शेवटचे चार दिवस तिनं तो घेतला नाही.