निंबाखालचा बाक

भाच्यानं पुण्याहून रेल्वे स्टेशनच्या छोट्या मॉडेलचा किट पाठवला, तेव्हा मी लोणखेड्याच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. चित्रकला शिकवायचे. खोक्यातलं प्लास्टिकचं स्टेशन परदेशी होतं. धुराडं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. मला ते आमच्या स्टेशनासारखं करायचं होतं. वडील तापीकाठच्या एका लहान स्टेशनावर पॉइंट्समन होते, रूळ बदलायचे, गाडीला झेंडी दाखवायचे. मी सहा वर्षांची होईपर्यंत आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत होतो.

धुराडं कापलं, कुंड्या खरवडल्या. पिवळ्या भिंतींवर पातळ तपकिरी ओघळ सोडले, कोपऱ्यात काताच्या पाण्यानं पिचकाऱ्या काढल्या. कडुनिंबासाठी तुळशीच्या सुकलेल्या मंजिऱ्या वापरल्या. आई रोज दुपारी येऊन बघायची. "पाणीनी टाकी डावीकडे व्हती," म्हणायची. मी टाकी हलवायचे.

किटमध्ये दोन सेंटिमीटरची माणसं होती. त्यातल्या एका बाईला लाल लुगडं रंगवलं, मांडीवर चिंधीचं गाठोडं चिकटवलं आणि निंबाखालच्या बाकावर बसवलं. त्या दुपारी आईनं वाकून बघितलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हाई तुले कोनी सांगं?"

"कोनीच नही. काबर वं माय?"

मग आईनं सांगितलं. डोंगरातली एक बाई असंच लाल लुगडं नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन रोज त्या बाकावर येऊन बसायची. नवरा सुरतकडे बांधकामावर गेला होता. एक दिवस मुकादमाचा माणूस गाडीतून उतरला आणि वडिलांना म्हणाला, तो माळ्यावरून पडून मेला, तिकडेच सगळं उरकलं, तिला सांगा. वडिलांच्या तोंडून ते निघालंच नाही. ती विचारायची, वडील म्हणायचे, उद्याच्या गाडीनं येईल. चार महिने असेच गेले. शेवटी ती म्हणाली, मीच जाते शोधायला.

"त्यास्नीच तिले गाडीम्हा बसाडं," आई म्हणाली. "झेंडी बी त्यास्नीच दाखाडी. ती परत उनी नही."

मी तेव्हा चार वर्षांची असेन. ती बाई मला अजिबात आठवत नाही. लाल रंगाची बाटली हाताला लागली म्हणून मी उचलली, असं मी स्वतःला सांगते. पण शेवटच्या आजारपणात वडील दाराकडे बघून म्हणायचे, "बाई, गाडी लेट शे." भ्रम झालाय, असं समजून आम्ही त्यांना पाणी पाजायचो.

बाकावरच्या त्या छोट्या बाईला काढायला ब्लेड लावलं, तर बाकच उखडायला लागला. मी थांबले.

आई आता स्टेशन ठेवलेल्या टेबलाकडे पाठ करून बसते. खोलीत शिरताना माझी नजर मात्र आधी तिकडेच जाते.