चोवीस पोत्यांची गाडी

घराच्या स्लॅबसाठी मी जामुलच्या एका दुकानातून कोहक्याला सिमेंट नेत होतो. दुकानाच्या नेहमीच्या भाड्याच्या पिकअपचा ड्रायव्हर चहाला गेला, तेवढ्यात दुकानदाराने तीस पोती चढवून घेतली. ड्रायव्हर परतला, मागच्या चाकांवरच्या दबलेल्या कमानपाट्यांवरून त्याने हात फिरवला आणि एकेक पोतं उतरवू लागला.

"अबे, गाडी खेचते ना?" दुकानदार ओरडला.

"खेचते, शेठ. पन थांबवा लागते मले. बाराशे किलोची गाडी हाय. पन्नास किलोचे चोवीसच पोते."

"मग उद्यापासून दुसरी गाडी बोलावतो."

"बोलवा ना."

चोवीस उरली तेव्हा त्याने मला विचारलं, "सर, तुमी केबिनमधीच बसान न?" मी हो म्हणताच त्याने आणखी दोन उतरवली. "तुमी बी वजनातच येता."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही विज्ञानाचा. बसणाऱ्याचं वजन धरायचं असतं, हे मला त्या दिवशी त्याने शिकवलं.

दुकानदार त्याच्यादेखतच दुसऱ्या ड्रायव्हरला फोन लावू लागला. आमच्या ड्रायव्हरने गाडीचा मागचा फाळका बंद केला, दोन्ही कड्या ठोकल्या आणि म्हणाला, "त्याले बी चोवीसच सांगजा, शेठ."